क्लॅट आणि सीईटी लॉ : वेग आधी की अचूकता?

क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) किंवा सीईटी लॉ (महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा) जवळ आली की निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार असते, ‘स्पीड वाढत नाही.’ बहुतेकांची अडचण स्पीडची नसतेच. म्हणून काही पत्रांना इथे एकत्र उत्तरे देत आहे.

मराठी माध्यमातून दहावी केली. क्लॅटचे उतारे वाचायला फार वेळ लागतो. 21 दिवसांचा ‘स्पीड रीडिंग’ वर्ग लावू का? — बारावीची विद्यार्थिनी, परभणी

लावू नका, पैसे वाचवा. क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात आणि उतारे साधारण 450 शब्दांचे. गणिताचे 10 ते 14 प्रश्न वगळले तर सुमारे 22 उतारे उरतात, म्हणजे दहा हजारांच्या आसपास शब्द. मिनिटाला 200 शब्द या साध्या गतीनेही ते पन्नास मिनिटांत वाचून होतात. वेळ खाते ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन वाचणे, आणि त्यावर डोळे भराभर फिरवण्याचा काही उपयोग नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा, मग तो झाकून प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका ओळीत लिहा. मराठीत लिहिला तरी चालेल.

उत्तरपत्रिकेतले सगळे गोळे शेवटच्या दहा मिनिटांत भरले तर? — नाशिक

भरू नका. एकेक उतारा संपला की त्याचे गोळे भरून टाका. एक ओळ सरकली की पुढचे सगळे चुकते, आणि पेनाने भरलेला गोळा बदलता येत नाही.

चूक उत्तराला 0.25 गुण वजा होतात. क्लासमध्ये सांगतात, खात्री नसेल तर हात लावू नका. मित्र म्हणतो, 110च्या वर अटेम्प्ट (सोडवलेले प्रश्न) हवेतच. — सोलापूर

दोन्ही ऐकीव. हिशोब करून पाहा. चार-चार पर्यायांच्या चार प्रश्नांत डोळे मिटून गोळे भरले आणि सरासरीने एक बरोबर आला, तर 1 वजा 0.75, म्हणजे पाव गुण हाती राहतो. प्रत्येकी दोन पर्याय नक्की बाद करता आले, तर त्याच चार प्रश्नांतून दीड गुण मिळतो. तेव्हा दोन पर्याय बाद झाले असतील तर उत्तर द्या. मात्र उतारा अर्धवट वाचला असेल तर ही सरासरी लागू पडत नाही, कारण अशा वाचकाला फसवणारा पर्याय पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. अटेम्प्टचा आकडा मित्राला विचारू नका. स्वतःचे शेवटचे पाच मॉक (सराव परीक्षा) शिक्षकांपुढे ठेवा आणि त्यावरून ठरवा.

एमएच-सीईटी लॉलाही निगेटिव्ह मार्किंग आहे का? — सातारा

नाही. एकही प्रश्न सोडू नका. तरी यंदाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा. 150 प्रश्नांचा पेपर 2025पासून 120 प्रश्नांचा झाला, तरी जुने संच अजून विकले जात आहेत.

तीसहून अधिक मॉक दिले, गुण सत्तरीतच अडकलेत. आणखी एक टेस्ट सिरीज घेऊ का? — पुणे

अजिबात नको. मॉक हे मोजमाप आहे, अभ्यास नव्हे. टेस्ट सिरीज विकणारे हे सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा मॉकच्या संख्येवर चालतो.

पुढचा मॉक असा द्या. सोडवताना जिथे शंका वाटली तिथे टिंब करा. दोन तास संपले की उत्तरतालिका उघडू नका. टिंबवाले आणि सुटलेले प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवा, मगच तपासा. आता दोन आकडे मिळतील. वेळेत 72 आणि निवांतपणे 95 आले, तर अडचण वेळेची आहे. निवांतपणेही 76च आले, तर आकलनच कच्चे आहे. तिथे घाई वाढवली की चुका वाढतील, दुसरे काही नाही.

मग प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा: शब्द निसटला, नियम कळला पण प्रसंगाला लावताना घसरला, दोन पर्यायांत अडकला, की गोळा चुकला. लीगल रीझनिंगमध्ये (दिलेला कायद्याचा नियम प्रसंगाला लावण्याच्या विभागात) बहुतेक वेळा पहिलेच कारण निघते. उताऱ्यातला नियम म्हणतो, दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवली तर चोरी. प्रसंगात एकजण चुकून दुसऱ्याची छत्री उचलतो. घाईत वाचणारा ‘चोरी’वर गोळा भरतो, ‘अप्रामाणिक हेतू’ त्याच्या डोळ्यांखालून गेलेलाच नसतो. ‘अँड’, ‘ऑर’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ यांना गोल करा. आणि पाठ केलेले कलम उताऱ्यातल्या नियमावर लादू नका.

वेग नंतर वाढवा. एका उताऱ्याला प्रश्नांसह आठ मिनिटे द्या. पाचपैकी चार-पाच बरोबर येणे सलग आठवडाभर टिकले की सात, मग सहा, मग साडेपाच. चालू घडामोडींचे उतारे दोन-अडीच मिनिटांत उरकतात, कारण उत्तर आधीच माहीत असते किंवा नसते. तिथे वाचलेला वेळ लीगल आणि लॉजिकल (तर्कशक्ती) विभागांना मिळतो. एका प्रश्नावर दीड मिनिट गेले की खूण करून पुढे जा. आठवड्याला एक मॉक पुरे; तपासणीला तीन-चार तास ठेवा आणि कारणांची वही महिन्यातून एकदा शिक्षकांना दाखवा.

मुलगा हुशार आहे, पण वाचताना ओळी निसटतात, डोके दुखते. सरावाने जाईल ना? — पालक, कोल्हापूर

सराव वाढवण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळे ठीक असतील आणि लहानपणापासून वाचन-लेखनात अडथळा असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. निदान झाले आणि अधिकृत शासकीय प्रमाणपत्र मिळाले, तर नियमांनुसार ताशी 20 मिनिटे जादा वेळ मागता येतो. ही मागणी अर्ज भरतानाच करायची असते आणि प्रमाणपत्राला आठवडे लागू शकतात. अलीकडे क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला होते. तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणू नका, याच आठवड्यात रुग्णालयात चौकशी करा.