लेनर्ड कोहेन ‘यू वॉन्ट इट डार्कर’मध्ये गातात कुठे?

कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांच्या ‘यू वॉन्ट इट डार्कर’मध्ये म्हातारा गात नाही, नुसता पुटपुटतो, तरी लोक तो अल्बम एवढा का वाखाणतात, असा तुमचा प्रश्न आहे. आक्षेप मला मान्य आहे. तारसप्तक सोडाच, मध्यसप्तकालाही त्यांनी फारसा हात लावलेला नाही.

सोलापुरात आमच्या पेठेत दर एकादशीला भजन असे. त्यातील वयोवृद्ध बुवांचा आवाज पुरता बसला होता. ते चरण अक्षरशः बोलत आणि धृपद मागच्या टाळकऱ्यांवर सोपवत, पण शब्द कुठे थांबवायचा हे त्यांना इतके नेमके ठाऊक होते, की त्यांच्यानंतर चांगल्या गळ्याचा तरुण गायला बसला की भजन फिके पडे. कोहेन यांनी तेच केले आहे. शीर्षकगीतात चरण ते स्वतः बोलतात आणि त्यांच्यामागे गातो तो मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचा गायकवृंद. या यहुदी प्रार्थनामंदिराशी त्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता.

मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना स्टुडिओत जाणे शक्य नव्हते, म्हणून मुलगा ॲडम याने लॉस एंजेलिसमधील घरातच, त्यांना वैद्यकीय खुर्चीत बसवून, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला आणि ७ नोव्हेंबरला ८२ वर्षांचे कोहेन गेले.

शीर्षकगीत हे देवाशी भांडण आहे. विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई ज्या पंढरपूरची, ते आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा सूर आपल्याला परका नाही. मात्र जनाबाईचे भांडण घरच्या माणसाशी असते, तर कोहेन यांचे जुन्या पक्षकाराने न्यायाधीशाला थंडपणे सुनावल्यासारखे. एवढे सुनावून झाल्यावर ते ‘हिनेनी’ म्हणतात. हिब्रूत याचा अर्थ ‘हा मी हजर आहे’. मुलाचा बळी मागणाऱ्या देवाने हाक मारली तेव्हा अब्राहामाने हाच शब्द उच्चारला होता. गाण्याचा सगळा भार या एका शब्दावर आहे आणि तो आळवून गायला असता तर हलका झाला असता.

(१९९९ मध्ये हेच कोहेन मुंबईत रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला बसत असत, आणि बाळसेकर म्हणजे अद्वैत शिकवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी निरूपण इंग्रजीत सांगणारे निवृत्त बँक अधिकारी. त्यामुळे येथे अद्वैत शोधण्याचा मोह होतो. मला मात्र हे शीर्षकगीत आद्यंत यहुदी प्रार्थनाच वाटते.)

अल्बममध्ये नऊच गाणी आहेत. ‘ट्रीटी’ दुसरे आहे आणि अखेरीस तेच तंतुवाद्यांवर परतते. तेथे बराच वेळ कोहेन यांचा आवाजच नसतो आणि मग ते मोजक्या ओळी बोलून थांबतात. ‘इफ आय डिडन्ट हॅव युअर लव्ह’ वगळले तरी माझी हरकत नाही. कोहेन यांचे पूर्वी काहीच ऐकले नसेल तर १९६७ चा पहिला अल्बम अगोदर ऐकावा, म्हणजे आवाज कुठून कुठे उतरला ते कळेल. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण हा खर्ज तेथे खरोखरच पुटपुटल्यासारखा ऐकू येतो.