गेमसाठी कॅरेक्टर रंगवतो, पण शेडिंग मळकट दिसतं. काय सुधारू?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: सावलीसाठी मूळ रंगात नुसता काळा मिसळलेला असतो. गडद करताना रंगछटाही थोडी सरकवा. त्वचेची सावली लालसर-जांभळ्याकडे न्या, पिवळ्या कापडाची नारिंगी-तपकिरीकडे. मल्टिप्लाय लेयर (खालचे रंग गडद करणारा थर) वापरत असाल तर त्यात करड्याऐवजी फिकट जांभळा भरून बघा, फरक लगेच दिसेल.

प्रकाश कुठून येतोय ते आधी ठरवा. प्रत्येक भागाची कड गडद आणि मधोमध उजळ, ही सवय मोडा. त्याने सगळं उशीसारखं फुगलेलं दिसतं. हनुवटीची मानेवर पडणारी सावली धारदार कडेची ठेवा, गालाच्या वळणावरची मऊ. सगळीकडे एअरब्रश (मऊ कडेचा ब्रश) फिरवायचा मोह आवरा (सुरुवातीला तोच फार आवडतो).

गेममध्ये कॅरेक्टर बरेचदा अगदी लहान दिसतं, म्हणून अधूनमधून चित्र ग्रेस्केल (कृष्णधवल) करून, झूम कमी करून बघा. केस आणि चेहरा एकमेकांत मिसळले, तर रंग बदलून उपयोग नाही. उजळ-गडदातला फरक वाढवा.

थ्रीडी मॉडेलचं टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) असेल आणि गेम इंजिनचे, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, लाइट त्यावर पडणार असतील, तर ठळक सावल्या रंगवूच नका, दुहेरी सावल्या दिसतात. हँड-पेंटेड शैलीत, म्हणजे जिथे प्रकाश-सावली टेक्स्चरमध्येच हाताने रंगवतात तिथे, मात्र चालतं.