वाचकांचे प्रश्न : घरची पार्श्वभूमी विचारायची कशी?

प्रश्न : आमच्या संस्थेत यंदा कर्मचाऱ्यांच्या सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमीची नोंद घ्यायचे ठरले. फॉर्ममध्ये ‘तुमचा वर्ग : उच्च, मध्यम, निम्न’ असे विचारले. जवळजवळ सगळ्यांनी ‘मध्यम’वर खूण केली. हाती काय लागले?

उत्तर : काहीच नाही, आणि दोष उत्तरे देणाऱ्यांचा नाही. माणूस आपला वर्ग ठरवतो तो आजूबाजूच्यांकडे पाहून. त्यामुळे सर्जनची मुलगीही ‘मध्यम’ आणि ट्रकचालकाचा मुलगाही ‘मध्यम’. ‘निम्न’वर खूण करायला तर कुणाचाच हात धजावत नाही.

मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. ब्रिटनमधल्या सोशल मोबिलिटी कमिशनने (साध्या घरांतल्या माणसांना वर येण्याची संधी मिळते का, हे पाहणाऱ्या सरकारी आयोगाने) मालकांना सुचवलेला मुख्य प्रश्न असा : तुम्ही साधारण 14 वर्षांचे असताना घरात सर्वांत जास्त कमावणारी व्यक्ती कोणते काम करत होती? त्या वयात आईवडील काय करतात हे मुलांना नीट माहीत असते, पगार मात्र सहसा माहीत नसतो. म्हणून उत्पन्न विचारायच्या फंदात पडू नका. उत्तराचे पर्याय हुद्द्यांच्या भाषेत न देता कामांच्या उदाहरणांनी द्या : वकील, शिक्षक, कारकून, फिटर, प्लंबर, हमाल, सफाई कामगार, छोटा दुकानदार. ‘घरात कुणी कमावते नव्हते’, ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ हे तिन्ही पर्याय वेगवेगळे ठेवा. एकत्र केले की कमावते कुणीच नव्हते अशा घरांतली माणसे आकड्यांतून गायब होतात.

माहिती कशासाठी हवी आणि कोण पाहणार, हे प्रश्नाच्या वरच लिहा. साहेबाच्या हाती जाईल अशी शंका आली की लोक रकाना कोरा सोडतात. दहापेक्षा लहान गटाचे आकडे जाहीर करू नका, माणसे ओळखू येतात.

संपूर्ण संस्थेचा एकच टक्का काढलात तर फसाल. कामगार घरांतली माणसे खालच्या हुद्द्यांवर भरपूर आणि वर तुरळक असली, तरी एकूण चित्र छान दिसते. आकडे हुद्द्यानुसार मांडा आणि टप्प्यानुसारही. अर्ज, पहिली निवड, नेमणूक, बढती : गळती नेमकी कुठे होते ते तेव्हाच कळेल.

प्रश्न : आम्ही सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारतो. तरीही निवड होते ती एकाच धाटणीच्या मुलांची. असे का?

उत्तर : प्रश्न सारखे असले, तरी गुण देण्याची फूटपट्टी सारखी आहे का? ‘आत्मविश्वास’ हा रकाना बहुतेक ठिकाणी असतो आणि त्यात मोजली जाते ती बोलण्याची सफाई. ती घरातून येते. त्याऐवजी 1 ते 5 गुणांपैकी प्रत्येक गुणासाठी उत्तरात काय हवे, ते मुलाखतीआधी लिहून काढा. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपण दिलेले गुण चर्चेआधी नोंदवावेत, नाहीतर ज्येष्ठांनी मान डोलावली की बाकीचे त्यामागे जातात. ‘आपल्यात रुळेल का?’ हा शेरा बंदच करा. सुरुवातीच्या छंद-सहलींच्या गप्पाही गुणांत उतरतात, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलाखतीच्या पत्रात कपडे कसे चालतील, किती वेळ लागेल, समोर कोण असेल हे लिहा. ज्यांच्या घरात कुणी असा इंटरव्ह्यू दिलेला नाही, त्यांना हे सांगणारे दुसरे कुणी नसते. प्रवासखर्च नंतर परत देऊ नका, तिकीट आधीच काढून द्या. ते परवडत नाही म्हणून न आलेला उमेदवार तुमच्या नोंदीत ‘गैरहजर’ एवढाच दिसतो.