तिसऱ्या गाण्याला ती ‘घरी जाऊ’ म्हणाली तर?

तिकिटं तीन होती आणि तिघांपैकी एकीचं वय पावणेसहा. खुर्चीत टेकता टेकताच बाबांनी मोबाइल काढून ती तिकिटं मला दाखवली, कोर्टात पुरावा ठेवावा तशी. आई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, उठून जायच्या तयारीत.

“मॅडम, तुम्हीच सांगा, एवढ्याशा पोरीला रॉक कॉन्सर्टला नेतात का कोणी?”

“मॅडम, तुम्हीच सांगा, एका संध्याकाळनं काय होणारेय?”

दोघांचीही सुरुवात ‘तुम्हीच सांगा’नं. समुपदेशकाच्या हातात पंचाची शिट्टी द्यायची लोकांना फार घाई असते. मी ती शिट्टी शक्यतो घेत नाही. एकदा वाजवली की हरलेला पुढच्या वेळी येत नाही. (या दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो. कधी मूल आठ महिन्यांचं असतं, कधी आठ वर्षांचं. इथं बँड बाबांचा कॉलेजपासूनचा लाडका. गायकाचं वय झालंय, पुन्हा दौरा निघेल की नाही कुणास ठाऊक. “तिला मोठेपणी सांगता यावं ना, की पहिला कॉन्सर्ट बाबाबरोबर पाहिला,” ते म्हणाले. आईंची बाजू चार शब्दांची: कान, गर्दी, झोप, रडारड.

मी कानापासून सुरुवात केली, कारण त्यावर वाद घालायला जागा कमी असते. बाबा हिशेबाच्या क्षेत्रातले, म्हणून टेबलावरची वही त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, लिहा. ८५ डेसिबल आवाज, रोज ८ तास. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था मोठ्या माणसांसाठी ही मर्यादा सांगते. आता आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी करायची. त्यांनी भराभर लिहिलं: ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास. १००पाशी पेन थांबलं.

“१५ मिनिटं?”

“आणि कॉन्सर्ट किती वेळ चालतो?”

“अडीच तास. ओपनिंग बँड धरला तर चार.”

मोठ्या रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज १००च्या आसपास आणि बऱ्याचदा त्याच्याही वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. तेही आलेल्या सगळ्या श्रोत्यांसाठी, खास पावणेसहा वर्षांच्या मुलीसाठी नव्हे. मोबाइल-हेडफोनवर ऐकण्याचं प्रमाण सांगताना हीच संघटना मोठ्यांना आठवड्याचे ४० तास ८० डेसिबल देते, मुलांना तेवढ्याच तासांसाठी ७५. पाचच डेसिबलचा फरक दिसतो, पण हा आकडा बेरजेनं नाही, पटीनं चालतो. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते.

बाबांना हे पटत होतं आणि आवडत नव्हतं. त्यांनी वेगळीच वाट काढली. “मॅडम, १९७६ मध्ये द हू या बँडनं लंडनच्या चार्ल्टनमध्ये १२६ डेसिबलचा कॉन्सर्ट केला होता. ३२ मीटरवर मोजला. गिनीजमध्ये नोंद आहे!” हे सांगताना डोळे असे चमकले की मला त्यांच्यातला कॉलेजातला मुलगा दिसला. मी म्हटलं, खरंय. आणि कुणी कान फोडून घेऊ नयेत म्हणून गिनीजनं पुढे तो विक्रम नोंदवणंच बंद केलं. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड आपल्या अधू झालेल्या ऐकण्याबद्दल आणि कानात वाजत राहणाऱ्या आवाजाबद्दल जाहीरपणे बोललेत. आई पहिल्यांदा हसल्या.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, साधारण १५,००० केसपेशी असतात. दोन्ही कान मिळून नव्हे, एका कानात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एका संध्याकाळनं मूल बहिरं होतं असं मी म्हणत नाही. पण मोठा माणूस ‘कानात शिट्टी वाजतेय’ म्हणून बाहेर पडू शकतो. लहान मुलाकडे त्यासाठी शब्द नसतो. एका मुलानं अशा कार्यक्रमानंतर आईला सांगितलं होतं, “माझ्या कानात टीव्ही चालूच राहिलाय.” आईला वाटलं, झोप आलीय म्हणून काहीतरी बडबडतोय. कार्यक्रमानंतर मूल असं काही बोललं, किंवा कानात कापूस असल्यासारखं वागलं, सारखं ‘काय?’ विचारू लागलं, आणि दुसऱ्या दिवशीही ते ओसरलं नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

“इअरमफ घेतलेत ना पण,” बाबा म्हणाले. चांगलंच आहे. नेणारच असाल तर कान झाकणारे, मुलांच्या मापाचे इअरमफच हवेत. फोमचे इअरप्लग एवढ्या लहान कानात नीट बसत नाहीत, आणि मूल ते काढून तोंडात घालतं. कापसाच्या बोळ्यांना तर काही अर्थच नाही. पण खोक्यावर २५ डेसिबल लिहिलंय म्हणून २५ वजा करू नका. तो प्रयोगशाळेतला आकडा. मध्ये केस आले, चष्म्याची काडी आली, गादी कानाभोवती नीट टेकली नाही, की फट राहते, आणि आवाजाला फट पुरते. शिवाय इअरमफ कानावर असतील तेवढा वेळच काम करतात. पाच वर्षांचं मूल घट्ट, गरम वस्तू डोक्यावर चार तास ठेवेल का, हा खरा प्रश्न.

तान्ह्या बाळांचे आईवडील मला हमखास सांगतात, “तो तर झोपूनच होता!” झोपेत पापण्या मिटतात. कान मिटत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मी इतर वेळी नाकारते ती शिट्टी उचलते आणि वाजवते: नेऊ नका.

गर्दीचं मी थोडक्यात सांगितलं, कारण आईंनी त्याचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त केला होता. उभं राहायच्या भागात मूल नको. बसायची जागा कडेला, बाहेर पडायच्या दाराजवळ, स्पीकरच्या भिंतीपासून लांब. मोठ्या मैदानात मध्येमध्येही स्पीकर टांगलेले असतात, त्यामुळे मागे गेलं की शांत, असं नेहमी नसतं. जाऊन बघावं लागतं. मनगटाच्या पट्टीवर फोन नंबर. खांद्यावर बसवणं बाबा लोकांना फार आवडतं, फोटोही झकास येतो, पण मूल माणसांच्या आडोशातून वर निघतं आणि थेट आवाजाच्या तोंडी जातं, आणि स्वतःहून खाली उतरू शकत नाही. मुलाला फिट्स येत असतील तर लुकलुकत्या दिव्यांबद्दल आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलायचं.

इथपर्यंत माहिती होती. माहितीसाठी माझ्याकडे यायची गरज नसते. मला दोघांच्या बसण्यातली ती पर्स खुपत होती. म्हणून मी बाबांना विचारलं, “तिसऱ्या गाण्याला ती ‘घरी जाऊ’ म्हणाली तर?”

“नाही म्हणणार. तिला आवडतं. गाडीत आम्ही ऐकतो.”

“म्हणाली तर?”

ते थांबले. “तर… हिच्याबरोबर जरा बाहेर जाईल.”

आईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. “बघा,” त्या हळूच म्हणाल्या, “बाहेर कोण उभं राहणार ते ठरलेलंच आहे. आणि मॅडम, हा बँड मलाही आवडतो. मलाही बघायचाय. हे कुणी विचारलंच नाही मला.”

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं एकाच गाडीत एकच गाणी ऐकून त्यांना वाटत होतं, बायको आपल्यासाठी सहन करतेय.

मला वाटतं, कॉन्सर्ट असो, सिनेमा असो, मोठं संमेलन असो, निम्मी भांडणं इथलीच असतात. ‘मुलाला न्यायचं का’ असं विचारलं जातं, आणि मनात असतं, ‘माझी संध्याकाळ कोण खाणार?’ मुलाला नेणाऱ्यांपैकी एकानं तिकिटाचे पैसे पाण्यात गेले असं आधीच धरून चालावं लागतं. दोघांनीही ‘बघू तिथं गेल्यावर’ म्हटलं की मूल त्या ‘बघू’मध्ये अडकतं. ते रडतं, आणि आईबाबा एकमेकांकडे बघतात. त्या बघण्याचा धसका मुलं घेतात, ढोलांचा तेवढा नाही.

माझं मत मी लपवलं नाही. सहाच्या आत मी नेणार नाही. मुलीला आजीकडे ठेवून दोघांनी जावं, तिसरं तिकीट मित्राला द्यावं. आठवणीचं म्हणाल, तर या वयातलं फार थोडं मोठेपणी शिल्लक राहतं. आठवण बाबांची असेल, तिची नाही. त्यात वाईट काही नाही. स्वतःशी कबूल करावं एवढंच. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, “कबूल. तरी न्यायचंय.” हा प्रामाणिकपणा मला आवडला. आई म्हणाल्या, “तिला विचारू या ना एकदा.”

पुढच्या वेळी ती आली. पुढचे दोन दात पडलेले, हातात निळे इअरमफ. बँडचं नाव तिला येत नव्हतं. एक गाणं येत होतं, ‘ढूमढूमवालं’, आणि ते तिनं माझ्या टेबलावर दोन्ही तळव्यांनी वाजवून दाखवलं. बाबांनी आधीच्या कार्यक्रमांतला गाण्यांचा क्रम शोधून ठेवला होता. ढूमढूमवालं शेवटून तिसरं. म्हणजे तिच्या झोपेच्या वेळेनंतर दोन तासांनी.

इअरमफ लावून ती चित्र काढायला बसली. चार मिनिटांनी काढले. “घाम येतो मावशी.” म्हणून घरी रोज थोडा थोडा वेळ, चित्र काढताना, लावायचे ठरले. दुसरी अडचण: ते लावल्यावर आईबाबांचं बोलणं ऐकू येणार नाही. मग खुणा हव्यात. अंगठा-बिंगठा मी सुचवत होते, तिनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि बाबांच्या कोपरावर दोनदा टकटक केली. “असं केलं की घरी.”

“लगेच की गाणं संपल्यावर?” बाबांनी विचारलं.

तिनं जरा विचार केला. “तू काय करशील?”

हा प्रश्न मी लिहून ठेवलाय. बाबांना घाम फुटला म्हणायला हरकत नाही. “लगेच,” ते म्हणाले. आईंनी माझ्याकडे बघितलं; साक्षीदार म्हणून.

ते गेले. ओपनिंग बँड टाळून उशिरा पोचले, जागा कडेच्या घेतल्या होत्या. तीन आठवड्यांनी बाबा आले, तेव्हा सगळा वृत्तांत कळला. टकटक चौथ्या गाण्यात झाली. इअरमफ जागेवर होते, ती रडत नव्हती, नुसती टकटक. “मॅडम, खोटं कशाला बोलू, राग आला मला. एवढी वर्षं थांबलो, आणि चौथं गाणं! एक क्षण वाटलं, दिसलंच नाही असं करावं.”

“तिला कळला तुमचा राग?”

“अंधार होता,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “दुसऱ्यांदा टकटक करताना तिनं जरा हळू केली.”

मी काही बोलले नाही. ते स्वतःच म्हणाले की तेव्हा उठलो.

आई आतच राहिल्या. बाबा आणि ती दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बसले. तिथं आवाज बराच कमी होता. इअरमफ तिनं बाबांच्या डोक्यावर चढवले. घरी जायचंय का, विचारलं तर म्हणाली, आई येऊ दे. त्यांनी पायऱ्या मोजल्या, बुटांच्या लेस सोडून पुन्हा बांधल्या, सुरक्षारक्षकाच्या टॉर्चवर बरीच चर्चा केली. ती मांडीवर आडवी झाली. झोपली असं वाटत असतानाच भिंतीपलीकडून शब्द नाही, चाल नाही, नुसते ठोके यायला लागले, आणि ती ताडकन उठून बसली. “बाबा! आपलं ढूमढूम!” पायरीवर दोघांनी ते तळव्यांनी वाजवलं. सुरक्षारक्षकानं टॉर्च दोनदा लावून विझवला.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही, शाळा बुडली, आणि त्यावरून घरात व्हायचं तेवढं झालंच. आईंचा घसा बसला होता. ओरडून नाही, गाऊन.

“तिला विचारलं मी,” बाबा निघताना म्हणाले, “कॉन्सर्टमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं?”

“मग?”

“पायऱ्या म्हणाली.”