व्हिसेरा राखताना

ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालात आणि विषबाधेच्या संशयाचं पीएम (शवविच्छेदन) समोर आलं, तर आधी व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी राखायचे अवयवांचे भाग, ठेवायला बरण्या आणि संपृक्त मिठाचं द्रावण तयार ठेवा. मीठ टाकून ढवळत राहा. तळाशी न विरघळलेलं मीठ साचू लागलं की द्रावण झालं.

जठराची दोन्ही तोंडं दोऱ्याने बांधूनच ते कापा, नाहीतर मुख्य पुरावाच सांडतो. पहिल्या बरणीत द्रव्यासकट जठर आणि लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी भाग. दुसरीत ५०० ग्रॅम यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग. एकच मूत्रपिंड घेतलं आणि तेच आधीपासून निकामी असलं तर? बरणी दोन तृतीयांशच भरा, कारण कुजताना वायू होतो. रक्त मांडीच्या शिरेतून १० मिली, सोडियम फ्लोराइड घालून. छातीच्या पोकळीत साचलेलं रक्त घेऊ नका, जठरातलं विष तिथे झिरपलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फॉर्मेलिन. ते सूक्ष्मदर्शक तपासणीसाठीच. त्यात ठेवलेल्या व्हिसेऱ्यातून विष शोधणं फार अवघड होतं. ॲसिड प्यायल्याचा संशय असेल तर मिठाऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल), पण दारूच्या संशयात स्पिरिट अजिबात नको. वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही सोबत पाठवा.

आणि कृपा करून कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहू नका. ती प्रत्येकाचीच पडते, आणि मग गावात कीटकनाशकाने किती माणसं गेली हे आरोग्य खात्याच्या आकड्यांत कधीच उमटत नाही. रासायनिक तपासणीचा अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवा.