२२ लाख एकदम की ५२ हजार दरमहा? बाबांच्या शुश्रूषा केंद्राचा हिशेब

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं अडखळतं, पण समज पूर्ण आहे. डायबेटिस आहे, डायपर लागतो. कळव्याला त्यांच्या स्वतःच्या वन बीएचकेमध्ये ब्यूरोचे दोन अटेंडंट पाळ्यांनी येतात, महिन्याला ५१ हजार. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दांडी मारतो आणि मी ऐरोलीच्या ऑफिसातून धावत सुटते. आता दोन केंद्रं पाहिली आहेत. घोडबंदर रोडला २२ लाख एकदाच भरायचे, मग आयुष्यभर राहणं, जेवण, शुश्रूषा. सहा महिन्यांत सोडलं तर निम्मे परत, नंतर काही नाही. नेरुळला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि दरमहा ५२ हजार. डायपर, औषधं, फिजिओ दोन्हीकडे वेगळे, साधारण १२ हजार. पुण्याचा भाऊ म्हणतो, सगळं मोडून २२ लाख भर आणि मोकळी हो. बाबांची पेन्शन ३४ हजार, सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी १५ लाख, एफडीत साडेसहा टक्क्यांनी १४ लाख. कळव्याच्या घराला १६ हजार भाडं येईल. काय करू?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई, आधी तुमच्या भावाची बाजू मांडतो, कारण आकडेमोडीत तो चुकलेला नाही. २२ लाखांना ५२ हजारांनी भागलं की बेचाळीस महिने येतात. बाबा साडेतीन वर्षांहून जास्त जगले, आणि जगोतच, तर कागदावर घोडबंदरचा सौदा स्वस्त पडतो. नेरुळवाले वर्षाला दर वाढवणार, इकडे वाढ नाही. एवढं असूनही तो सौदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा २२ लाख जमा झाले की त्या केंद्राच्या वहीत बाबा फक्त खर्चाच्या बाजूला उरतात. रात्रपाळीची जास्तीची मावशी, एअर मॅट्रेस, वेळेवर बोलावलेला डॉक्टर, हे सगळं केंद्राच्या खिशातून. तुम्ही तक्रार केलीत तर त्यांचं काय जाणार आहे? नेरुळला मात्र तुम्ही पुढच्या महिन्यात बाबांना उचलून दुसरीकडे नेऊ शकता आणि हे तिथल्या मॅनेजरला पक्कं ठाऊक असतं. ५२ हजारांतले काही हजार त्या धाकाचे आहेत असं समजा. माझ्या मते ते सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे.

दुसरं, ते पैसे सुरक्षित किती? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. शुश्रूषा केंद्राच्या डिपॉझिटला तसलं काहीही नाही. उद्या जागामालकाशी भांडण होऊन केंद्र बंद पडलं तर तुम्ही ग्राहक आयोगात दाद मागाल, पण त्या रात्री बाबांना ठेवायचं कुठे? शिवाय सीनियर सिटिझन स्कीममधून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, खातं अख्खं बंद करावं लागतं. उघडून एक ते दोन वर्षं झाली असतील तर मुदलावर दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. पंधरा लाखांवर एक टक्का म्हणजे १५ हजार, ते फारसं मनावर घेऊ नका. घोर लागायला हवा तो परत न मिळणाऱ्या २२ लाखांचा.

आता नेरुळ परवडतं का ते पाहू. पेन्शन ३४,०००. स्कीमचं व्याज वर्षाला १,२३,०००, म्हणजे महिन्याला १०,२५०. एफडीचं साधारण ७,५८०. भाडं १६,०००. एकूण ६७,८०० च्या आसपास. खर्च ५२ अधिक १२, म्हणजे ६४ हजार. पहिल्या वर्षी जेमतेम भागतं. खर्च दरसाल ८ टक्के वाढला आणि पेन्शन एक रुपयानेही वाढली नाही असं कठोरपणे धरलं तरी पाच वर्षांत मिळून साडेचार लाखांच्या आसपास तूट येते. ती एफडीतून भरायची. पाच वर्षांनी एफडीत नऊ लाखांच्या आसपास शिल्लक, स्कीमचे १५ लाख शाबूत आणि घरही बाबांच्याच नावावर. बाबांचं एकूण उत्पन्न नव्या करपद्धतीतल्या १२ लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे कर शून्य. दिव्यांग वजावटीसाठी जुन्या पद्धतीत जायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

घरीच ठेवायचं म्हटलं तर ब्यूरोचे ५१ हजार जातात आणि भाडंही बुडतं. पैशाच्या बाजूने तो पर्याय आधीच हरला आहे.

खरा प्रश्न काळजीच्या दर्जाचा आहे आणि तो मला हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. माझ्या आत्याला आम्ही एका केंद्रात ठेवलं होतं. दुसऱ्या जागेपेक्षा महिन्याला नऊ हजारांनी स्वस्त म्हणून मीच ते निवडलं. पैशाचा सल्लागार घरातलाच ना! चौदा महिन्यांत १ लाख २६ हजार वाचवले. मग माकडहाडाजवळ बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाला, चिघळला, एकोणीस दिवस हॉस्पिटल, बिल २ लाख ८० हजार. तिथे कूस बदलल्याचा तक्ता भिंतीवर होता. दर दोन तासांनी बरोबरची खूण, रात्री दोनची आणि पहाटे चारचीही, महिनाभर एकाच पेनाने आणि एकाच हाताने. तो खोटा आहे हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

म्हणून नेरुळला सकाळी अकराला, चहा-बिस्किटांच्या वेळी जाऊ नका. तेव्हा सगळीच केंद्रं छान दिसतात. रविवारी रात्री आठ-साडेआठला न कळवता जा. किती खाटांना किती मावशी आणि मामा आहेत ते मोजा. पांढऱ्या कोटातली मुलगी जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स शिकलेली आहे का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. जेवण भरवताना पेशंटला नीट बसवतात की आडवं ठेवूनच चमचा तोंडात कोंबतात, हे अर्धांगाच्या पेशंटसाठी फार महत्त्वाचं. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो आणि मग आयसीयू. इन्सुलिनच्या सुया पांढऱ्या टणक डब्यात जातात की कचऱ्याच्या बादलीत, तेवढ्यावरून बाकीची शिस्त कळते.

कागद दोन मागा. एक, १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेची नोंदणी, चालू मुदतीची. घोडबंदरवाल्यांनी तुम्हाला नुसती ट्रस्टची नोंदणी दाखवली तर त्यातून संस्था कुणाची ते कळेल, रात्री तीन वाजता शुगर उतरली तर सुई टोचणारं कुणी आहे का ते कळणार नाही. दोन, आगीचा फॉर्म बी. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये मुंब्र्याच्या एका रुग्णालयाला आग लागली तेव्हा पेशंट दुसरीकडे हलवताना चौघं गेले, हे तुम्ही ठाण्यातच वाचलं असेल. बाबांना स्वतः उठता येत नाही, तेव्हा खोली तळमजल्यावर किंवा पहिल्यावर मागा. दुसरा जिना मोकळा आहे की त्यावर गाद्या रचल्यात, तेही पाहा.

५२ हजारांत जीएसटी धरलाय का, हे लेखी घ्या. वरून १८ टक्के लावले तर ९,३६० रुपये वाढतील आणि वरचा सगळा हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडेल. करारात दरवाढीची कमाल टक्केवारी, डिपॉझिट किती दिवसांत परत, बाबा हॉस्पिटलात असतील त्या दिवसांचं बिल कसं, आणि कोणत्या अवस्थेत ‘आता आम्ही ठेवू शकत नाही’ म्हणणार, हे आलंच पाहिजे. हा शेवटचा मुद्दा घोडबंदरच्या ‘आयुष्यभर’मध्येही कुठेतरी बारीक अक्षरात असेल. नाकात नळी आली की कित्येक जागा हात वर करतात. भावाला ते कलम शोधून वाचायला सांगा, मग तुम्हाला त्याच्याशी वाद घालायची गरजही पडणार नाही.

मेडिक्लेम केंद्राच्या दरमहाच्या बिलाला उपयोगी नाही. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र काढून ठेवा, वर्षाला ५ लाखांपर्यंत; तेही फक्त हॉस्पिटलात भरती झाल्यावर. एफडीतले चार लाख वेगळे करून कधीही मोडता येतील असे ठेवा. बाबांची समज शाबूत आहे तोवर बँक खात्यांवर तुमचं नाव जोडणं, नॉमिनी तपासणं आणि नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची सोय उरकून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. समज गेली की त्याचा आधारही जातो.

नेरुळची एक बाजू तुमच्या पत्रात आलीच नाही. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऑफिस सुटल्यावर तुम्ही तिथे सरळ उतरू शकता. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जाणं तुम्हाला महिनाभरही झेपणार नाही, आणि ज्यांचं माणूस कधीही दारात उभं राहतं त्यांच्या पेशंटची कूस वेळेवर बदलली जाते. आधी एक महिना तात्पुरतं ठेवून पाहायचं बोला. कळव्याचं घर तोवर भाड्याने देऊ नका. आणि बाबांना विचारा. पत्रभर त्यांचे पैसे आहेत, त्यांचं मत कुठेच नाही.

रविवारी जाऊन आलात की एकच गोष्ट बघून मला कळवा : खाटेजवळची बेल बाबांच्या डाव्या हाताला येईल अशी लावता येते का, आणि ती दाबल्यावर कुणी किती मिनिटांत आलं.