लोसार्टन ही बीपीची गोळी एनएफ-२ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २) या आजाराच्या गाठी विरघळवते, हे खरं आहे का?

नाही, विरघळवत नाही. एनएफ-२ मध्ये २२ व्या गुणसूत्रावरच्या जनुकातल्या बिघाडामुळे दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात आणि हळूहळू ऐकू येणं जातं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर लोसार्टन वापरून पाहिलं. गाठीतला तंतुमय, चिवट भाग आणि दाह कमी झाला, मेंदूची सूज उतरली, ऐकण्याची क्षमता टिकली. शिवाय गाठीत रक्त व प्राणवायू नीट पोहोचू लागल्याने रेडिएशनचा परिणाम वाढला. मला तरी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण हे उंदरांतलं. औषध जुनं, स्वस्त असलं तरी मनाने सुरू करू नका: बीपी फार उतरू शकतं, पोटॅशियम वाढू शकतं आणि गरोदरपणात तर ते वर्ज्यच.